नऊ वाजू देत

नवाला पाच कमी असतात. मशीनमध्ये कपडे पडलेत, पावडर घातलीय, नळ सोडलाय. आई शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसलीय आणि तिची नजर भिंतीवरच्या घड्याळावर आहे. मला सव्वानऊला घर सोडायचं असतं, डबा भरायचा असतो, स्कूटरची किल्ली नेहमीसारखी सापडत नसते. मी म्हणते, "आई, लाव की मशीन."

"नऊ वाजू देत."

"पाच मिनिटांनी काय होतंय?"

"ऐंशी पैसं काय झाडाला लागत्यात व्हय?"

काटा बारावर येतो, ती बटण दाबते. तोंडावर समाधान असं, जणू वसुलीला आलेल्या माणसाला दारातूनच माघारी धाडलंय.

आमच्या अपार्टमेंटमधले मीटर बदलले तेव्हापासूनचं हे. टीओडी मीटर, म्हणजे टाइम ऑफ डे. आई त्याला 'टिवडी' म्हणते. या मीटरवरून राज्यभर वाद झाले, आमच्या पार्किंगमध्येही झाले, पण मीटर बसलेच. १ जुलै २०२५ पासून महावितरणच्या ज्या घरांत असा मीटर आहे, त्यांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या विजेला युनिटमागे ८० पैसे सवलत मिळू लागली. ती टप्प्याटप्प्यानं वाढवत एक रुपयापर्यंत न्यायचं ठरलं. मूळ आहे केंद्र सरकारनं २०२३ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत केलेल्या दुरुस्तीत. ऊन असेल तेव्हा वीज स्वस्त, मागणी चढेल तेव्हा महाग, असा त्याचा सारांश. शेतीपंप तेवढे वगळले. त्यांच्याकडं पुढं येऊ.

मी बँकेत काम करते, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. आमच्या घराला महिन्याला सव्वाशे युनिट लागतात. त्यातलं हलवण्यासारखं काय? पंखे रात्रीचे, ते हलत नाहीत. गीझर हलवता येईल, पण डिसेंबरातल्या कोल्हापूरच्या गारठ्यात ८० पैशांसाठी नऊपर्यंत पारोसं कोण बसणार? फ्रीज चोवीस तास चालतो, म्हणजे त्याच्या एकतृतीयांश विजेला आपण बोटसुद्धा न हलवता सवलत. राहिलं मशीन, मिक्सर, इस्त्री. सगळं मिळून फार तर पन्नास युनिट सवलतीच्या वेळेत पडतील. चाळीस रुपये. म्हणजे दोन महिने नेकीनं घड्याळाकडं बघत बसलं की एक मिसळ. कटाचा खर्च त्यातच.

हे मी आईला ऐकवलं. ती म्हणाली, "मग दोन म्हैन्यातनं एकदा मिसळ खायला ने."

*

हसता हसता मला एक जुनं वीजबिल आठवलं. घरचं नव्हे. बँकेत आमच्याकडं कर्जाच्या फायलींना उद्योगांची बिलं जोडलेली असतात. उद्योगांना वेळेनुसार दर ही गोष्ट नवी नाही, कित्येक वर्षं आहे. त्या बिलांवर दिवसाचे तुकडे पाडलेले असायचे. रात्री दहा ते सकाळी सहा, युनिटमागे दीड रुपया कमी. संध्याकाळी सहा ते दहा, एक रुपया दहा पैसे जादा. आणि सकाळी नऊ ते बारा, ८० पैसे जादा.

नऊ वाजताच. ८० पैसेच. फक्त तेव्हा अधिक होते, आज आईसाठी उणे आहेत.

मधल्या काळात बदललं काय? माणसं तीच, नऊ वाजता कामाला लागणारी. बदलली ती डोक्यावरची गोष्ट. तेव्हा सकाळी नऊला दुकानं उघडायची, कचेऱ्या सुरू व्हायच्या, मशीनं फिरायला लागायची आणि सगळ्यांना पुरवायला कोळसा जाळावा लागायचा. रात्री मागणी पडायची, पण औष्णिक केंद्र काही गॅसच्या शेगडीसारखं बंद-चालू करता येत नाही. म्हणून रात्रीचा माल सवलतीत. आता २०२५ च्या जानेवारीत देशातली सौरऊर्जेची क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढं गेली. दुपारी नुसतं ऊन ओतत असतं, आणि पाचनंतर ते सगळं एकदम मावळतं. नेमकं तेव्हाच घराघरांत दिवे, टीव्ही, मिक्सर, पाण्याच्या मोटरी. आपल्याकडं दिवेलागण हा किती निवांत शब्द आहे. वीज पुरवणाऱ्यांना त्याच वेळी घाम फुटतो.

वीज हा नाशवंत माल आहे, कोथिंबिरीहून नाशवंत. कपिलतीर्थ मंडईत सकाळी वीसला असलेली पेंडी अंधार पडता पडता दहाला दोन होते, कारण बाईला ती घरी न्यायची नसते. पण ती निदान दिवसभर टोपलीत तरी टिकते. वीज तयार झाली त्या क्षणी कुणीतरी वापरावी लागते. देशाच्या वीजबाजारात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करून प्रत्येकाचा वेगळा भाव निघतो. उन्हाळ्याच्या टळटळीत दुपारी तो मातीमोल होतो आणि संध्याकाळी नियामकांनी घातलेल्या १० रुपयांच्या छताला जाऊन टेकतो. संध्याकाळसाठी राखून ठेवलेलं पाणी म्हणजे शेजारच्या साताऱ्यातली कोयना, १,९६० मेगावॉटची. हवी तेव्हा मिनिटांत सुरू होते. पण पश्चिमेकडं वळवायचं पाणी कृष्णा पाणीतंटा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधून दिलंय. ठेव मोडून रोजचा घरखर्च चालत नाही.

घरापर्यंत यायच्या आत या सगळ्या चढउताराचे ८० पैसे होतात. आधी मला हे फसवं वाटलं. बाजारात इतकी उलथापालथ आणि माझ्या बिलावर हे एवढंसं. मग टेक्सासचं वाचलं. २०२१ च्या फेब्रुवारीत तिथं हिमवादळ आलं, गोठून वीजकेंद्रं बंद पडली आणि घाऊक भाव युनिटमागे ९ डॉलरवर गेला. ज्या घरांनी बाजारभावाशी थेट जोडलेली योजना घेतली होती, त्यांना थोड्या दिवसांची हजारो डॉलरची बिलं आली. त्यापेक्षा फ्रान्सची रीत मला सुसह्य वाटते. तिथल्या एका योजनेत वर्षाचे ३०० दिवस निळे, ४३ पांढरे आणि २२ लाल. लाल दिवशी वीज फार महाग, आणि उद्याचा रंग आदल्या दिवशी कळतो. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आपल्यात लाल म्हंजे सुट्टी की." कॅलेंडरातली लाल तारीख बघून पाहुण्यांकडं जायचा बेत आखण्यात तिचं आयुष्य गेलं. महाग दिवसाला लाल म्हणणं तिला पटलं नाही.

*

महिनाभर हे घरात चाललं. मग एका सकाळी नऊला, बरोबर नऊला, आमच्या इमारतीचा एक फेज गेला.

आठ फ्लॅटची जुनी इमारत. वायरमन आला, मीटरपेटी उघडली, फ्यूजची जळकी तार ओढून दाखवली आणि विचारलं, "नऊला काय लग्न होतं काय हितं?" चौकशी झाली तेव्हा कळलं की घड्याळाकडं बघणारी आमची आई एकटी नव्हती. पहिल्या मजल्यावरच्या काकू मशीन लावत होत्या, समोरच्या आजी इस्त्री, वरच्या मजल्यावर नऊनंतरच गीझर लावायचा नियम झाला होता (म्हणजे पारोसं बसणारी माणसं निघाली), आणि टाकीची मोटरही कुणीतरी त्याच वेळी सुरू करायला लागलं होतं. सगळा भार त्या बिचाऱ्या एका तारेवर.

आई जिन्यात उभी राहून हे ऐकत होती. म्हणाली, "आटोस्विच. दुसरं काय."

त्या शब्दासरशी मी थेट भोगावतीकाठच्या आमच्या शेतावर गेले.

मोटरघराच्या कौलाखाली एक बल्ब कायम चालू ठेवलेला असायचा. गावात सिंगल फेज वेगळी, शेताकडं थ्री फेज वेगळी. ती काही दिवस दिवसा यायची, काही दिवस रात्री. रात्रीच्या दिवसांत आमचे आबा सोप्यात दाराकडं तोंड करून झोपायचे. लांब उसापलीकडं तो बल्ब पेटला की "लाईट आली" म्हणत उठायचे. कधी दीड, कधी अडीच. घोंगडं, काठी, बॅटरी. उसात साप असायचे, कडेच्या रानातून गवे उतरायचे. आई दारात उभी राहून त्यांच्या बॅटरीचा ठिपका बांधापर्यंत नजरेनं पोचवायची आणि मोटरचा आवाज सुरू झाला की मगच आत यायची. सकाळी मी शाळेला निघताना आबा चिखलाचे पाय धूत असायचे.

यावर गावानं काढलेला तोडगा म्हणजे ऑटो स्विच. स्टार्टरला जोडायचा, लाईट आली की मोटर आपसूक सुरू. माणूस झोपलेला राहू शकतो. आबांनीही बसवला आणि आठवडाभर सुखानं झोपले. मग एका रात्री डीपी (शेताकडचा ट्रान्सफॉर्मर) जळाली. रात्री लाईट आली त्या क्षणी तिच्यावरच्या सगळ्या मोटरींनी एकदम उसळी मारली. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. एकेक करून उठली असती तर डीपीला झेपलं असतं. आठ दिवस कुणाच्याच उसाला पाणी नाही. ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा असं आवाहन अजूनही गावोगाव होतं, ते याचसाठी.

मागणी हलवणं आणि मागणी पसरणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला आईच्या एका शब्दानं कळलं. दर कमी करून तुम्ही लोकांना सातवरून नऊवर आणू शकता. पण नऊला सगळ्यांना एकाच दारातून आत सोडलंत तर ते दारच मोडतं. ५ एप्रिल २०२० आठवतं? रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे मालवायचे होते. एका पैशाची सवलत नव्हती, नुसतं आवाहन होतं, आणि देशाची मागणी काही मिनिटांत तीस हजार मेगावॉटहून जास्त पडली आणि लगेच परत चढली. जलविद्युत केंद्रं आधीपासून तयारीत ठेवली होती, म्हणून निभावलं.

पावसाळ्यात कोल्हापुरात माणसं भेटली की "कसं काय" विचारत नाहीत, "किती फूट?" विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फूट गाठले की इशारा, ४३ ला धोका. आख्खं शहर त्या आकड्यावर नजर ठेवून असतं. विजेच्या जाळ्याचाही असा एक आकडा आहे, सेकंदाला ५० आवर्तनं. ४९.९० ते ५०.०५ या चिंचोळ्या पट्ट्यात तो राहिला पाहिजे. वापर वाढला की तो उतरतो, वीज जादा झाली की चढतो. पंचगंगेचा आकडा उद्या सकाळपर्यंत थांबतो, हा सेकंदभरही थांबत नाही. आणि तो सांभाळायचं काम आता आमच्या आईच्या मशीनवर येऊन पडलंय, ८० पैसे रोजावर.

*

माझा चुलतभाऊ शिरोलीला फौंड्रीत आहे. भट्टीवर. कोल्हापूरच्या फौंड्र्या रात्री का जागतात हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. त्याला वाटतं ऑर्डरी फार. खरं कारण त्या दीड रुपयात होतं. एक टन लोखंड वितळवायला इंडक्शन भट्टी साडेपाचशे-सहाशे युनिट खाते. रात्रीच्या सवलतीनं टनामागे आठ-नऊशे रुपये वाचायचे. कास्टिंगच्या धंद्यात एवढ्यावर नफा-तोटा ठरतो. म्हणून मोल्डिंग दिवसा, वितळवणी रात्री. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडं हीच रीत.

चौदा वर्षं भावानं रातपाळी केली. त्याच्या पोरांनी बाप पाहिला तो झोपलेला. दुपारी त्यांच्या घरात टीव्ही मुका, मिक्सर बंद. काकी चटणी पाट्यावर वाटायच्या, कारण मिक्सरनं तो उठायचा. त्या पाट्याचा हिशेब कुठल्या बिलात आला? भट्टीची वेळ हलली, तिच्यामागं भावाची झोप हलली, झोपेमागं काकींची चटणी. कारखानदाराला टनामागं पैसे मिळाले. काकींना खांदेदुखी.

आता सवलत उन्हाकडं सरकलीय. त्याच्या फौंड्रीनं वितळवणीची मोठी पाळी दिवसावर आणली. मी खूश होऊन फोन केला, म्हटलं सुटलास बाबा. तो म्हणाला, "झोप येत न्हाई गं रातीची. दोनला जागा हुतो आणि कट्ट्यावर जाऊन बसतो. कुत्री बी वळखाय लागल्यात." आणि मग, "एप्रिलात ये एकदा दुपारी. वर पत्रा, म्होरं दीड हजार डिग्रीचं लोखंड. रात्री निदान वारं असायचं."

मी याचा विचारच केला नव्हता. ऊन स्वस्त झालं की वीज स्वस्त होते, पण ज्याला उन्हाच्याच वेळी भट्टीपुढं उभं राहायचंय, त्याच्यासाठी ते ऊनच असतं.

वीजतज्ज्ञांच्या भाषेत याला लवचिक मागणी म्हणतात. शब्द चांगला आहे आणि त्यामागचं शहाणपणही मला पटतं. वर्षातल्या मोजक्या संध्याकाळींसाठी नवं वीजकेंद्र बांधून ते उरलेला काळ रिकामं ठेवण्यापेक्षा थोडी मागणी दुपारी सरकवणं कितीतरी स्वस्त. भांडण माझं त्या शब्दाच्या कर्त्याशी आहे. मागणी लवत नाही, कुणाची तरी पाठ लवते. सवलत मीटरला मिळते आणि वेळ माणसाची जाते. आमच्या घरी मी ती सवलत मिळवू शकत नाही, नऊ ते पाच मी बँकेत असते. ती मिळवते आई, कारण ती घरी आहे. ज्या घरात दोघंही कामाला जातात, त्यांना संध्याकाळीच मशीन लावायचं असतं. त्यांच्यासाठी वेळ लावून ठेवायची मशीनं, आपोआप चालणारे गीझर हवेत, म्हणजे आधी पैसे हवेत.

आणि शेतकरी? देशात सगळ्यांत लवचिक मागणी त्याचीच. वर्षानुवर्षं त्याला रात्रीत ढकललं, कारण रात्री वीज उरायची. ऐंशी पैसे सोडा, विचारलंसुद्धा नाही. शेतीला वीज स्वस्त होती हे खरं. २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना बिलच नाही. पण फुकट विजेवर सवलत ती काय देणार? दरानं त्याच्याशी बोलताच येत नाही, म्हणून त्याच्याशी वेळापत्रकानं बोलतात. सौर कृषी वाहिन्या झाल्या तसं काही गावांना दिवसा वीज मिळू लागलीय. "दिवसा वीज द्या" म्हणून याच कोल्हापुरात माणसं रस्त्यावर बसली होती. शेवटी ती द्यायला सूर्यच स्वस्त व्हावा लागला. आबांना ते बघायला मिळालं नाही. असते, तरी अडीचला उठून बल्ब पेटलाय का बघितलंच असतं.

*

फ्यूज गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बँकेतून आले तर पार्किंगच्या भिंतीवर खडूनं काहीतरी लिहिलेलं. अक्षर समोरच्या आजींचं, मजकूर आईचा. वर 'पाळीपत्रक' असं ठसठशीत. आमच्या गावच्या पाणीपुरवठा संस्थेत असतं तसं. तिथं पाटकरी ठरवायचा कुणाच्या रानाला कधी पाणी. इथं आई ठरवत होती. फ्लॅट एक, मशीन, नऊ. फ्लॅट तीन, इस्त्री, साडेनऊ. टाकीची मोटर अकरा, तेव्हा बाकी कुणी काही लावायचं नाही. गीझरवाल्यांना पावणेदहा दिले होते आणि खाली एक ओळ: 'ज्याची पाळी चुकली त्याने दुपारी दोननंतर बघावे.' पाचाच्या आत बसतील अशा बेतानं तिनं आठही घरं बसवली होती. दोन नोकरदार घरांचं मशीन शेजारणी लावणार होत्या, किल्ल्या आईकडं.

फ्यूज त्यानंतर गेला नाही. निदान अजून तरी.

यादीत आमचा फ्लॅट मला शेवटी सापडला. मशीन, दुपारी तीन.

"आपलं इतकं उशिरा का? कपडे वाळायचे कधी?"

आई लसूण सोलत होती. आमचं रान पाटाच्या टेलला होतं, सगळ्यांची रानं भिजली की मग आमच्याकडं पाणी यायचं, कधी यायचंही नाही.

"शेवटला असायची सवय हाय मला," ती म्हणाली. "वाळत्यात की. ऊन काय, पाचपातूर असतंय."